देवापुढचे नाणे : त्याचा इतिहास आणि त्याचे मोल

जुन्या देवळाचा जीर्णोद्धार सुरू झाला म्हणजे उंबरा निघतो, फरसबंदी उखडते, पाया मोकळा होतो. नवस फेडताना उंबऱ्यात किंवा पायरीत नाणे ठोकण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. पायाभरणीच्या मुहूर्तावर नाणे घालण्याची रीतही तशीच. त्यामुळे अशा कामात चार-दोन नाणी निघाली नाहीत असे क्वचितच घडते. नाणे निघाले की लोक भोवती जमतात. ते कोणाच्या काळचे आणि त्याचे किती येतील, हे लगेच विचारले जाते. ते कोणाचे, हा प्रश्न मात्र बहुधा नाणे नाहीसे झाल्यावर निघतो !

घाटावरच्या गावांतून सापडणारे तांब्याचे जुने नाणे पुष्कळदा शिवराई असते. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवराज्याभिषेक झाला. त्या राज्याची म्हणून सोन्याचा होन व तांब्याची शिवराई ही नाणी ओळखली जातात. शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी देवनागरी अक्षरे आहेत. आसपासच्या बहुतेक नाण्यांवर फारसी लिपी असताना ही अक्षरे उमटली, हे त्या नाण्याचे खरे मोल होय. पुढे पेशवाईतही शिवराया पडत राहिल्या. मजकुरामध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या शिवराईस ‘दुदांडी’ म्हणत. पेशवाई बुडाल्यावरही पुणे व नगर भागांतल्या बाजारात शिवराई पुष्कळ वर्षे चालत होती. इतक्या दीर्घकाळ इतकी नाणी चालल्यामुळे ती आजही बऱ्याच संख्येने मिळतात. म्हणून घरात एक शिवराई निघाली की लाखाचे धन आले, असे समजण्याचे कारण नाही. होनाची गोष्ट निराळी. तो अत्यंत दुर्मिळ आहे. शिवराईचा ठसा पुष्कळदा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे सगळी अक्षरे एका नाण्यावर क्वचितच येतात. ज्यावर ती पुरी आली आहेत त्यास जाणकार अधिक किंमत देतात.

चांदीच्या रुपयांची तऱ्हा याहून मौजेची. अंकुशाचे चिन्ह असलेला अंकुशी रुपया, चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी रुपया, अशी कितीतरी नाणी एकाच बाजारात फिरत. सत्ता मराठ्यांची आणि रुपयावर फारसीत नाव दिल्लीच्या बादशहाचे, असाही प्रकार होता. प्रत्येक रुपयाचा भाव वेगळा. झिजलेल्या नाण्यावर सराफ बट्टा कापी. या बट्ट्यात गरीब कुळाचे किती गेले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

१८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरविला. वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. एका रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे. या रुपयाचे वजन म्हणजेच तोळा, म्हणून पूर्वी दुकानदार वजनाऐवजी पारड्यात रुपये टाकीत. राणीछाप रुपयाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १८६२ पासून कित्येक वर्षे रुपयावर १८६२ हेच साल घालीत असत. त्यामुळे नाण्यावरचे साल पाहून गावाने एखादी तारीख ठरवू नये. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयाचा तर बोभाटाच झाला. राजाच्या झग्यावरील हत्ती लोकांस डुकरासारखा दिसला. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यांपैकी ७ लाखांच्या आसपास बाहेर आले, बाकीचे वितळविले. युद्धाच्या काळात, १९४० मध्ये, रुपयातील चांदी निम्म्यावर आली. १९४३ पासून भोकाचा पैसा निघाला आणि १९४७ मध्ये रुपया निव्वळ निकेलचा झाला. १ एप्रिल १९५७ रोजी शंभर नव्या पैशांचा रुपया सुरू झाला, तरी आजीबाईंचा हिशेब पुढेही आण्यातच चालला. चार आणे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. न चालणारे नाणे दानपेटीत टाकण्याची सवय मात्र गेलेली नाही. देव काही बोलत नाही.

आता किमतीविषयी. नाणे जुने म्हणजे महाग, हा समज चुकीचा आहे. किती पाडली गेली, किती उरली, ठसा किती स्पष्ट आहे व टांकसाळ कोणती, यावर भाव ठरतो. मुंबई टांकसाळीच्या पुष्कळ नाण्यांवर सालाखाली ठिपका किंवा शंकरपाळ्यासारखी खूण आढळते. सर्वांत मोठे नुकसान आपण स्वतःच करतो. नाणे सापडले की चिंच किंवा राख लावून ते लखलखीत करतात. त्यात ठसा झिजतो, तांब्यावरचा वर्षानुवर्षांचा थर जातो व जाणकाराच्या दृष्टीने नाणे बिघडते. दुसरे नुकसान मोबाईलवरून होते. ‘जुने नाणे द्या, लाखो रुपये घ्या, आधी एवढे शुल्क भरा’ असे सांगून लोकांस फसविले जाते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले की असे कोणतेही शुल्क बँक घेत नाही व या व्यवहारांशी तिचा संबंध नाही.

नाण्यांचा ठेवा सांभाळला तर काय कळते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. एका राजाने दुसऱ्याचा पराभव केला, याची साक्ष त्याच चलनी नाण्यांनी दिली. सापडणाऱ्याने ती सोनाराच्या मुशीत घातली असती तर ?

उंबऱ्यात ठोकलेले नाणे देवाला वाहिलेले. ते देवस्थानच्या दप्तरी मोजून, वजन करून नोंदविणे योग्य. जमिनीत पुरलेला ठेवा मात्र १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली येतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते : काय सापडले, किती, कोठे व कोणत्या तारखेस. चौकशीत ठेवा बेवारस ठरला व उभयतांत वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्यास व एक हिस्सा जागेच्या मालकास मिळतो. सरकारने तो घेतला तर धातूची किंमत व वर तिचा पाचवा हिस्सा दिला जातो. खबर न देणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कुदळ मारणारा मजूर असेल तर अर्जात त्याचेही नाव यावे. पुष्कळदा तेवढेच नेमके राहून जाते.