एका माशाची दोन नावे, अनेक माशांचे एक नाव

थ्रेड.

१८५६ साली काउप या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने झाडाच्या पानासारख्या चपट्या, काचेसारख्या पारदर्शक अशा एका इवल्या समुद्री जिवाची नवी जाती म्हणून नोंद केली आणि त्याला ‘लेप्टोसेफालस ब्रेव्हिरोस्ट्रिस’ असे भारदस्त नाव दिले. चाळीस वर्षांनी ग्रासी आणि कालांद्रुच्चो या इटालियन संशोधकांनी त्या जिवाला रूप पालटताना प्रत्यक्ष पाहिले. नवी जाती वगैरे काही नव्हते. ते युरोपीय ईलचे पिल्लू होते.

ईल हा आपल्या वामसारखा सर्पाकृती मासा. वाढतो गोड्या पाण्यात, अंडी घालायला मात्र महासागर गाठतो. ॲरिस्टॉटलच्या मते तो चिखलातूनच उपजे. १८७६ मध्ये त्रिएस्त येथे सुमारे चारशे ईल चिरून नराचे वृषण शोधणारा विद्यार्थी पुढे मनोविश्लेषणासाठी प्रसिद्ध झाला : सिग्मंड फ्रॉइड!

पुढचा टप्पा डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांचा. १९०४ पासून जवळजवळ दोन दशके त्यांनी अटलांटिक धुंडाळला आणि युरोपीय ईलचे जन्मस्थान सारगासो समुद्रात असल्याचे दाखवले. अडचण अशी की अमेरिकन ईलची पिल्लेही तिथेच सापडतात आणि दिसतातही सारखीच. मग श्मिट यांनी मणके मोजले. युरोपीय ईलचे सरासरी ११४ ते ११५, अमेरिकनचे १०७. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हेवा वाटावा असा चिकाटीचा पुरावा.

पण बाजारात मणके कोण मोजणार? ईलची व्यापारी पैदास अजून साधलेली नाही. शेततळ्यातला प्रत्येक ईल निसर्गातून पकडलेल्या पिल्लापासूनच वाढवतात. जपानी पिल्ले अपुरी पडू लागली तशी पूर्व आशियातील तळ्यांनी १९९० च्या दशकात युरोपीय पिल्ले विकत घेतली. युरोपच्या किनाऱ्यावर येणारी पिल्ले मात्र १९८० नंतर नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. २००७ साली युरोपीय ईल ‘साइटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेण्याचे ठरले, ते मार्च २००९ पासून लागू झाले. २०१० च्या अखेरीस युरोपीय संघाने बाहेरचा व्यापारच थांबवला.

इथे खरी मेख आहे. निर्बंध एका जातीवर, बाकीच्या भगिनी-जाती मोकळ्या. सीमाशुल्काच्या जागतिक संकेतावलीत तर सर्व जिवंत ईलना ०३०१.९२ हा एकच क्रमांक. कागदावर दुसऱ्या जातीचे नाव लिहिले की काम झाले. काही तस्कर तेवढीही तसदी घेत नाहीत. २०१७ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर हाँगकाँगला निघालेल्या थंड मासळीखाली सुमारे २०० किलो जिवंत पिल्ले सापडली. एका किलोत अशी तीन-एक हजार पिल्ले बसतात.

भाजून, सॉस माखून आलेल्या तुकड्यात तर मणकेही उरत नाहीत. तिथे डीएनएच बोलतो. नेहमीची चाचणी मायटोकाँड्रियातील जनुक वाचते. ते फक्त आईकडून येते, त्यामुळे युरोपीय-अमेरिकन संकर एकट्या या चाचणीला ओळखू येत नाही. असे संकर आइसलँडमध्ये आढळतात.

म्हणून २०२५ मध्ये समरकंदच्या परिषदेत युरोपीय संघाने मागणी केली की अँग्विला प्रजातीतील उरलेल्या सर्व जातीही यादीत घ्याव्यात. जपानने कडाडून विरोध केला. प्रस्ताव फेटाळला गेला आणि यादीत युरोपीय ईल एकटाच राहिला.