मटणातला बटाटा



या पानावर मी एरवी ऊस, पाण्याच्या पाळ्या आणि खताचे डोस एवढंच लिहितो. आज पातेल्याबद्दल लिहितोय. पण गोष्ट शेवटी शेतातच येते, म्हणून वाचा.

मागच्या महिन्यात घरी सोयरे यायचे होते. दोन किलो मटण आणलं. मी सवयीनं बटाटे सोलायला घेतले तर पोरगा म्हणाला, "अण्णा, बटाटा घालू नका. मटण कमी पडलं म्हणून घातला म्हणतील." आई तिथंच लसूण सोलत बसली होती. पंचाहत्तरी ओलांडली तिनं. वर न बघता म्हणाली, "घाल रं. बटाट्याला नावं ठिवू नगा."

मी बटाटे घातले. पण पोराचं बोलणं डोक्यात राहिलं, कारण ते खरंच होतं. मटणात बटाटा आला तो मटण कमी पडायचं म्हणूनच. मग हा बटाटा आपल्या रश्श्यात आला कुठनं, हे जरा शोधलं, वाचलं, आईला विचारलं. ते इथं मांडतो.

आधी मटणाचं. आपल्या भीमेच्या खोऱ्यात मांस खाणं काही नवीन नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिथं 1968 पासून पुढं बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव निघालं. मातीच्या घरांत चुली, धान्य साठवायच्या जागा, आणि शेळ्या-मेंढ्यांची, गुरांची हाडं. शेवटच्या काळात पाऊसमान घटलं तशी तिथली शेती मागं पडली आणि माणसं जनावरांवर जास्त जगायला लागली, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे दुष्काळ पडला की शेळी-मेंढी सांभाळायची ही आपली रीत तेवढी जुनी. घोड भीमेला मिळते, आपली नीरा पण भीमेलाच मिळते. माणसं एकाच खोऱ्यातली.

पण त्या इनामगावच्या माणसांनी बटाटा बघितलासुद्धा नव्हता. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अँडीज डोंगरातला. आज जिथं पेरू आणि बोलिव्हिया हे देश आहेत तिथल्या शेतकऱ्यांनी तो सात-आठ हजार वर्षांपूर्वी रानातनं शेतात आणला. तिथं त्याला 'पापा' म्हणतात. स्पेनच्या लोकांनी सोळाव्या शतकात तो युरोपात नेला.

आपल्याकडं तो पोर्तुगीजांच्या मागनं आला, याचा पुरावा आपल्या तोंडातच आहे. उत्तरेकडं आलू म्हणतात, आपण बटाटा म्हणतो, गुजरातीत बटेटा. हा शब्द पोर्तुगीज 'बटाटा'. गंमत अशी की हा शब्द मुळात रताळ्याचा. अमेरिकेच्या बेटांवरची माणसं रताळ्याला 'बटाटा' म्हणायची, युरोपातल्या लोकांनी तेच नाव या दुसऱ्या कंदाला पण लावलं. इंग्रजांचा 'पोटॅटो' त्यातलाच.

1510 साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. पुढं त्यांच्या जहाजांतनं अमेरिकेतली पिकं एकामागं एक आपल्या किनाऱ्याला लागली. मिरची, शेंगदाणा, मका, टोमॅटो, काजू. आता आपल्या सोलापुरी रश्श्याकडं बघा. मिरची अमेरिकेची, शेंगदाण्याचं कूट अमेरिकेचं, टोमॅटो अमेरिकेचा, बटाटा अमेरिकेचा. आपलं म्हणावं ते कांदा, लसूण, तीळ, धने, खोबरं आणि सोबतची ज्वारीची भाकरी. आणि ज्वारी पण फार जुन्या काळी आफ्रिकेतनं आलेली. मग 'आमचा अस्सल गावरान रस्सा' म्हणताना माणसानं थोडं बेतानंच बोलावं.

दुसरी गंमत. आपल्या वेळापूरला आषाढात माऊलींची पालखी मुक्कामाला असते. त्या दिवसांत आमच्या घरात मटण शिजत नाही. एकादशीला कांदा चालत नाही, लसूण चालत नाही, पण बटाटा चालतो. आणि सणाचा दुसरा दिवस, कर आली की तोच बटाटा मटणाच्या पातेल्यात. उपासाला पण चालतो आणि बोकडाबरोबर पण चालतो, असं दुसरं पीक मला आठवत नाही.

पण बंदरावर आला म्हणजे वेळापूरला आला असं नव्हे. बटाट्याला थंडी लागते. रात्र 20 अंशांच्या वर राहिली की पाला माजतो आणि कंद धरत नाही. म्हणून महाराष्ट्रात तो आधी रुजला तो पुणे-सातारच्या बाजूला. आजही खेड, आंबेगावचा सातगाव पठार, साताऱ्यात खटाव-पुसेगाव पट्टा ही बटाट्याची गावं. मंचरच्या बाजारात बेण्याचा बटाटा पंजाबातनं येतो.

देशात 1949-50 साली बटाटा निघायचा 15 लाख टनांच्या आसपास. आज 5 कोटी टनांच्या वर निघतो. हे एका दिवसात झालं नाही. 1949 साली पाटण्याला केंद्रीय बटाटा संशोधन संस्था सुरू झाली, पुढं 1956 साली ती शिमल्याला गेली. सगळ्यात मोठी अडचण बेण्याची होती. मावा किडीमुळं विषाणू रोग पसरायचे, त्यामुळं निरोगी बेणं डोंगरातनंच आणावं लागायचं. संस्थेतल्या डॉ. पुष्करनाथ यांनी साठच्या दशकात मार्ग काढला. मैदानी भागात ज्या दिवसांत मावा कमी असतो तेवढ्या दिवसांत बेणं वाढवायचं आणि मावा वाढायच्या आत पाला कापून टाकायचा. एवढ्या साध्या गोष्टीनं बेणं मैदानात तयार व्हायला लागलं. त्याच सुमारास कुफरी सिंदूरी, कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी हे वाण आले. कुफरी हे शिमल्याजवळचं गाव. आणि 1972 साली आला 'कुफरी लवकर'. नाव चक्क मराठी आहे! पठारावर, आपल्यासारख्या उबदार हवेत, लवकर तयार होणारा म्हणून 'लवकर'.

1972 म्हटलं की आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला बटाटा आठवत नाही, दुष्काळ आठवतो. मी तेव्हा मांडीवर होतो. आई खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला अमेरिकेतली तांबडी मिलो. त्या दोन वर्षांत घरात मटण शिजलं का, असं आईला विचारलं तर ती नुसती हसली.

त्याआधीची पद्धत तिनं सांगितली. गावात चार-पाच घरं मिळून बोकड पाडायची आणि वाटे घालायची. आमच्याकडं एक वाटा यायचा. खाणारी तोंडं अकरा, आणि वर सालगडी. माझी आजी रस्सा वाढवायला येसूर लावायची, म्हणजे भाजलेल्या धान्याचं नि मसाल्याचं पीठ. त्यानं रस्सा दाट व्हायचा आणि पातेलंभर पुरायचा. पहिली पंगत पुरुषांची. दुसरी पोरांची. बाया शेवटी. तोवर पातेल्यात फोड राहिलेली नसायची. रस्सा असायचा, त्यात भाकरी कुस्करायची आणि उठायचं. चुलीपुढं दोन तास बसून मटण शिजवणाऱ्या बाईला चव बघण्यापुरतंच मटण.

माझ्या आठवणीत 1980 च्या आसपास आपल्या बाजारात बटाटा बारमाही दिसायला लागला. स्वस्त होता. आईनं तो मटणात घालायला सुरुवात केली. एक किलो मटणाला अर्धा किलो बटाटा, एकाचे दोन तुकडे. आजीला आवडलं नव्हतं म्हणे. "मटाण हाय का भाजी?" असं म्हणाली होती. पण आईनं सोडलं नाही. मी विचारलं, का? तेव्हा ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो.

"आरं, रस्सा पितानी पोट भरतं, पर दाताखाली काय येत न्हाई. बटाटा घातला तवापासनं बायांच्या ताटात चावायला काहीतरी आलं. आन फोड न्हाई म्हणून कुणाला वाईट वाटंना."

मंडळी, मी त्या दुसऱ्या पंगतीत जेवलेला माणूस आहे. इतकी वर्षं मटण खाल्लं. तिसऱ्या पंगतीत काय वाढलं जातं हे मी एकदाही वळून बघितलं नाही. मला वाटायचं आईला बटाटाच आवडतो.

जगभर हीच गोष्ट दिसते. आयर्लंडच्या गरीब घरात थोडं मेंढीचं मांस आणि पातेलंभर बटाटा शिजायचा. इंग्लंडात लँकेशायरच्या कामगार वस्तीत मांसावर बटाट्याच्या चकत्यांचा थर रचून भट्टीत ठेवायचे. आपल्या गोव्यात उकडलेल्या बटाट्याच्या पारीत खिमा भरून तळतात, थोडा खिमा जास्त माणसांना पुरतो. पण एकट्या बटाट्यावर भार टाकला तर काय होतं हे पण आयर्लंडनंच दाखवलं. 1845 ला करपा आला. सगळीकडं जवळपास एकच वाण होता, पीक जागेवर कुजलं, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. तोच करपा आपण टोमॅटोवर दरवर्षी बघतो. उसाशिवाय दुसरं काही न लावणाऱ्या आपल्या तालुक्यानं हे ध्यानात ठेवावं, मी स्वतःला धरून बोलतोय.

आता थोडं कामाचं. आईची पद्धत अशी. मटण हळद, मीठ, आलं-लसूण घालून आळणी शिजवायचं. त्यातलं वाटीभर आळणी पाणी बारक्या पोरांना. कांदा-खोबरं विस्तवावर भाजून, तीळ-धने घालून वाटण. काळं तिखट, थोडं येसूर. बटाटा मटणाबरोबर कुकरात टाकायचा नाही, गाळ होतो. मटण बारा आणे शिजलं की मोठे तुकडे घालायचे आणि मंद जाळावर वीस मिनिटं. टोमॅटो घालणार असाल तर बटाटा मऊ झाल्यावर घाला, आंबटात बटाटा लवकर शिजत नाही. शीतगृहातला बटाटा गोड लागतो, कारण थंडीत त्यातल्या पिठाची साखर होते. रश्श्यात ते लगेच कळतं. असा बटाटा आणला तर आठ-दहा दिवस घरात उघड्यावर, अंधाऱ्या जागी ठेवून मग वापरा. हिरवा पडलेला तर टाकूनच द्या.

मी दोन वर्षांपूर्वी चार गुंठे बटाटा लावून बघितला. घाई केली, ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच लावला. ऊन होतं, पाला गुडघ्याला लागला आणि खाली सुपारीएवढे कंद. चूक माझीच. मागच्या वर्षी नोव्हेंबरच्या मध्यात लावला, भारी काळं रान सोडून मुरमाड पट्ट्यात, पाणी हलकं ठेवलं. नव्वद दिवसांत घरापुरता आणि पाहुण्यांपुरता निघाला. विकण्याएवढा नाही, पण सोयऱ्यांच्या पातेल्यात होता तो घरचाच.

त्या दिवशी सगळे एकाच पंगतीला बसले. मीच तसं सांगितलं. सूनबाई पण बसली, वाढायला मी उभा राहिलो. आईच्या ताटात चार फोडी घातल्या. तिनं त्यातल्या दोन काढून नातवाच्या ताटात टाकल्या आणि मला म्हणाली, "बटाटा वाढ."

पोरगा काही बोलला नाही. नंतर त्यानं पण बटाटा मागून घेतला.

तुमच्याकडं मटणात बटाटा घालतात का? आणि बटाट्याआधी मटण पुरवायला काय घालायचे? घरातल्या म्हाताऱ्या बायांना विचारून सांगा. नोव्हेंबरात परत चार गुंठे लावणार आहे, बेणं कुठलं घ्यावं तेही कळवा.

राम कृष्ण हरी.