हवेवर टेकलेली वीज: हुन्टोर्फची गोष्ट

तेलाच्या किंवा नैसर्गिक वायूच्या प्लांटमध्ये बरेचसे व्हॉल्व्ह विजेवर नाही, तर हवेवर चालतात. कारण साधं आहे: जिथे वायू गळू शकतो तिथे ठिणगी नको. कॉम्प्रेसर हवा दाबतो, ती नळीतून व्हॉल्व्हपर्यंत जाते आणि त्याला उघडं ठेवते. आता वीज गेली तर? कॉम्प्रेसर थांबतो. टाकीत साठवलेली हवा थोडा वेळ पुरते. तीही संपली की स्प्रिंग व्हॉल्व्हला ठरलेल्या सुरक्षित स्थितीत नेते. आजच्या ट्रकचा पार्किंग ब्रेक असाच असतो. हवा गेली की स्प्रिंग ब्रेक लावते.

म्हणजे इथे हवेला विजेचा आधार लागतो. पण जर्मनीत याच्या बरोबर उलट प्रयोग झाला. तिथे विजेलाच हवेचा आधार दिला गेला.

ब्रेमेनपासून फार लांब नसलेल्या, हुन्टे नदीकाठच्या हुन्टोर्फ गावी 1978 साली एक वीजकेंद्र सुरू झालं. दाबलेल्या हवेत ऊर्जा साठवणारं हे जगातलं पहिलं मोठं व्यावसायिक केंद्र. बांधलं नॉर्डवेस्टडॉयचे क्राफ्टवेर्के या वीज कंपनीने, यंत्रं ब्राउन बोव्हेरीची.

इथेच का? कारण भूगोल. आपल्याकडे सह्याद्री आहे, म्हणून घाटघरला रात्रीच्या विजेवर पाणी वर चढवता येतं आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज मिळवता येते. उत्तर जर्मनीचा किनारा मात्र तळहातासारखा सपाट. पाणी चढवायचं कुठे? पण जमिनीखाली मिठाचे प्रचंड घुमट होते, आणि पाण्याने मीठ विरघळवून पोकळी करायचं तंत्र तेल-वायू उद्योगाला आधीपासून येत होतं. वर जाता येत नाही, तर खाली जाऊ, असा हा हिशोब.

साधारण 650 ते 800 मीटर खोलीवर दोन पोकळ्या केल्या गेल्या. दोन्ही मिळून तीन लाख घनमीटरच्या आसपास जागा. त्यात हवा 70 बारपर्यंत दाबतात, म्हणजे कारच्या टायरच्या जवळजवळ तीसपट. स्वस्त वीज असेल तेव्हा आठेक तास हवा भरायची, मागणी वाढली की दोनेक तास 290 मेगावॅट वीज काढायची, अशी मूळ योजना होती. दोन पोकळ्या असल्यामुळे एक दुरुस्तीसाठी रिकामी केली तरी दुसरी हाताशी राहते. अडचणीही आल्याच. दमट, खारट हवेने पोलादी नळ्या गंजल्या आणि फायबरग्लासच्या नळ्या बसवाव्या लागल्या.

आज ऊर्जा साठवणुकीची चर्चा निघाली की हुन्टोर्फचं नाव पवनऊर्जेचा पूर्वज म्हणून घेतलं जातं. इतिहासाच्या दृष्टीने हे मागून पुढे वाचणं झालं. 1978 साली तिथे पवनचक्क्यांचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता अणु आणि कोळसा केंद्रांचा, जी रात्री सहज बंद करता येत नाहीत. दुसरं काम तर आणखी महत्त्वाचं: सगळा ग्रिड कोसळला, तर बाहेरच्या विजेशिवाय स्वतः सुरू व्हायचं आणि किनाऱ्याजवळच्या अणुकेंद्रांना पुन्हा उभं राहायला वीज द्यायची. याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात. जवळचं उंटरवेझर अणुकेंद्र 2011 मध्ये बंद पडलं, हुन्टोर्फ मात्र टिकलं. ज्याचा आधार म्हणून उभं केलं, तेच आधी गेलं!

पण या आधाराचा आधार काय? इथे गोष्टीतली मेख आहे. हवा दाबली की तापते. हुन्टोर्फमध्ये ती उष्णता वाया जाते, कारण थंड केलेली हवाच पोकळीत भरतात. बाहेर काढताना हवा फैलावते आणि आणखी थंड होते, म्हणून टर्बाइनआधी नैसर्गिक वायू जाळून ती तापवावी लागते. एक युनिट वीज मिळवायला सुमारे 0.8 युनिट वीज आणि 1.6 युनिट वायूची ऊर्जा खर्च होते. एकूण कार्यक्षमता 42 टक्क्यांच्या आसपास. उष्णता साठवून वायूशिवाय चालणारं ‘आडेले’ नावाचं केंद्र जर्मनीत आखलं गेलं, पण उभं राहिलं नाही.

हे केंद्र पुढे युनिपर या कंपनीकडे आलं. जर्मनीत रशियन वायूची सर्वात मोठी खरेदीदार तेव्हा तीच होती. 2022 मध्ये रशियाकडून वायू आटला, कंपनी बुडायला आली आणि वर्ष संपता संपता जर्मन सरकारने ती ताब्यात घेतली. केंद्र हवेवर चालतं असं आपण म्हणत होतो, पण त्याची एक नळी हजारो किलोमीटर दूरच्या राजकारणाला जोडलेली होती.

बॅकअप हा शब्द आपण फार निश्चिंतपणे वापरतो. जनरेटर आहे ना, मग झालं! 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईची वीज गेली, तेव्हा शहराला बाहेरच्या ग्रिडपासून वेगळं करून वाचवणारी व्यवस्था असूनही शहर अंधारात गेलं. म्हणून बॅकअप आहे का, एवढं विचारून भागत नाही. तो कशावर टेकलाय, आणि त्या कशाच्याही खाली काय आहे, हेही विचारायला हवं. हुन्टोर्फमध्ये खाली मीठ आहे, मिठात हवा आहे, आणि हवेच्या शेजारी वायूची नळी.