जीवाणूंचे डीएनए-ग्रहण आणि विकरे

मृत पेशींतून बाहेर पडलेला डीएनए काही जीवाणू शोषून घेतात आणि त्यातील गुणधर्म आत्मसात करतात. या प्रक्रियेस रूपांतरण म्हणतात. १९२८ मध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी न्यूमोनियाच्या जीवाणूंत ती दाखविली; गुणधर्मांचा वाहक डीएनए असल्याचे १९४४ मध्ये ॲव्हरी, मॅक्लाउड व मॅकार्टी यांनी सिद्ध केले.

या जीवाणूत दुपदरी डीएनए प्रथम पेशीच्या पृष्ठभागाशी बांधला जातो. पेशीपटलावरील ‘एंड-ए’ हे विकर (एन्झाइम) त्याचा एक पदर तोडून टाकते; दुसरा ‘कॉम-ईसी’ या प्रथिनाच्या मार्गिकेतून आत शिरतो. तेथे ‘डीपीआर-ए’ हे प्रथिन त्याचे नाशापासून रक्षण करते आणि ‘रेक-ए’ त्याची जुळणी गुणसूत्रातील समान भागाशी घडवून आणते. साम्य नसल्यास तो सहसा टिकत नाही.

पेनिसिलिन ज्या प्रथिनांवर आघात करते, त्यांच्या जनुकांचे बदललेले तुकडे न्यूमोनियाच्या जीवाणूने तोंडा-घशातील सजातीय जीवाणूंकडून याच मार्गाने मिळविले आहेत. अशा प्रथिनांना पेनिसिलिन नीट चिकटत नाही व औषधाचा प्रभाव घटतो. औषधप्रतिरोधासाठी प्रत्येक जीवाणूत नवे उत्परिवर्तन घडावेच लागते असे नाही. तो शेजाऱ्याकडून उसनाही मिळतो.