पायाखालची वाट आणि कागदावरची वाट

इंग्लंडच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की आपण राजे, पार्लमेंट, कारखाने यांच्याकडे वळतो. आज आपण एका पायवाटेकडे बघणार आहोत. अगदी साधी, शेताच्या कडेनं किंवा कधी सरळ उभ्या गव्हातून जाणारी, पावलांनी मळलेली वाट. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा सार्वजनिक हक्काच्या पायवाटा, घोडेवाटा मिळून सुमारे १ लाख ४० हजार मैल भरतात. जमीन खाजगी, पण वाट सगळ्यांची. मालकानं ती नांगरली, तर ठराविक मुदतीत पुन्हा मोकळी करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

आता प्रश्न असा, की ही वाट 'सगळ्यांची' आहे हे ठरवतं कोण? चालणारे पाय, की सरकारी नकाशा? आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

उदाहरणासाठी एकच गाव घेऊ. नॉर्दॅम्प्टनशरमधलं त्या वेळचं हेल्पस्टन. हे गाव म्हणजे एक पॅरिश, म्हणजे चर्चच्या भोवतीचं गाव आणि त्याचं शिवार. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे तीन मोठी उघडी शेतं होती. एकेका शेतात वेगवेगळ्या माणसांच्या लांबट पट्ट्या, मध्ये कुंपण नाही. पलीकडे गायरान आणि माळ. शेताकडे, चर्चकडे, गिरणीकडे, शेजारच्या गावच्या बाजाराला लोक चालतच जात, आणि त्या चालण्यातूनच वाटा पडत. त्या कोणी आखल्या नव्हत्या, त्यामुळे कुठे नोंदवायचाही प्रश्न नव्हता. इंग्लिश कायद्याचं एक जुनं तत्त्व होतं, एकदा रस्ता म्हणजे कायमचा रस्ता. वापर थांबला म्हणून हक्क मरत नाही.

याच गावात १७९३ साली जॉन क्लेअर जन्मला. शेतमजुराचा मुलगा, पुढे कवी म्हणून नावाजला. लहानपणी तो जगाचा शेवट शोधायला म्हणून माळावर चालत निघाला होता आणि ओळखीचा मुलूख मागे पडला तसा भांबावला, असं त्यानंच लिहून ठेवलंय. तो पंधरा-सोळा वर्षांचा असताना, १८०९ मध्ये, पार्लमेंटनं हेल्पस्टन आणि आसपासच्या गावांसाठी एन्क्लोजरचा, म्हणजे कुंपणबंदीचा कायदा केला. अंतिम निवाडा यायला १८२० उजाडलं. पट्ट्या एकत्र करून सलग तुकडे पाडले गेले, रस्ते फूटपट्टीनं आखावेत तसे सरळ झाले. कमिशनरांनी ज्या वाटा आखल्या नाहीत, त्या शेतात जमा. आणि बघा, या नव्या कुंपणाची झुडपं लावायच्या कामावर क्लेअर स्वतः मजुरीला होता! पोटासाठी हातांनी कुंपण लावायचं आणि कवितेत वाट बंदच्या पाटीवर चिडायचं, हे एकाच माणसाच्या वाट्याला आलं.

एन्क्लोजर ही मोठी लाट. दुसरी गोष्ट छोटी, पण आमच्या मते जास्त त्रासदायक. १८१५ च्या एका कायद्यानं दोन 'जस्टिस ऑफ द पीस'ना अनावश्यक वाटणारी वाट बंद करता येऊ लागली. हे न्यायाधीश बहुतेक जमीनदारच. एकानं दुसऱ्याकडे जेवायला जावं आणि सही करून यावी, इतकं सोपं! अपील करता येत होतं, पण ते करणार कोण? मजूर? त्याच वर्षाच्या अखेरीस जेन ऑस्टिनची 'एमा' कादंबरी आली. तिच्यातला मिस्टर नाइटली एक वाट हलवण्याबद्दल बोलतो. सज्जन माणूस, म्हणून गावकऱ्यांची गैरसोय होणार असेल तर नको, म्हणतो. म्हणजे गावाची वाट राहणार की जाणार, हे मालकाच्या सज्जनपणावर.

याविरुद्ध पुढे संस्था उभ्या राहिल्या. १८२४ मध्ये यॉर्कला, १८२६ मध्ये मँचेस्टरला. १८९४ च्या कायद्यानं गावागावांत निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिल आल्या आणि वाट बंद करायला त्यांची संमती लागू लागली.

१९३२ म्हटलं की सगळ्यांना किंडर स्काउटवरचा सामूहिक प्रवेश आठवतो. पण तो मोकळ्या माळरानावर फिरण्याच्या हक्कासाठी होता. गावच्या वाटेसाठी त्याच वर्षीचा 'राइट्स ऑफ वे' कायदा जास्त महत्त्वाचा. वीस वर्षं लोक बिनअडथळा चालत असतील, तर मालकानं ती वाट लोकांना दिली असं धरायचं. म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणीला पुराव्याचं वजन आलं. वीस वर्षांचा हा हिशोब आपल्याला परका नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातही तो आहे, कारण तोही इंग्लिश कायद्याच्याच मुशीतला. आपल्याकडे त्याला वहिवाट म्हणतात. शब्दातच 'वाट' ऐकू येते.

मग आला १९४९ चा कायदा. प्रत्येक काउंटीनं वाटांचा अधिकृत नकाशा करायचा. १९५० च्या दशकात त्यासाठीची पाहणी बहुतेक ठिकाणी पॅरिश कौन्सिलांवर सोपवली गेली. एखाद्या गावात मास्तरांनी उत्साहानं सगळं शिवार पालथं घातलं असेल, तर शेजारच्या गावात कौन्सिलवर शेतमालकच बसलेले. वाट एका गावच्या हद्दीपर्यंत येते आणि नकाशावर तिथेच संपते, असे प्रकार त्यातूनच झाले. नकाशावर आहे ती वाट निर्विवाद. नाही, ती आता सिद्ध करायची.

त्यात २००० च्या कायद्यानं मुदत घातली. १९४९ पूर्वीच्या, नकाशात न आलेल्या वाटा १ जानेवारी २०२६ पर्यंत नोंदवा, नाहीतर बहुतेकांवरचा हक्क संपेल. 'रॅम्बलर्स' या संस्थेच्या स्वयंसेवकांनी जुने नकाशे ताडून २०२० मध्ये अशा ४९ हजारांहून जास्त मैलांच्या वाटा दाखवून दिल्या. पुढे मुदत २०३१ पर्यंत वाढली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं ती रद्दच करण्याचा इरादा जाहीर केला.

गंमत अशी, की या शोधात सगळ्यात भक्कम पुरावा ठरतो तो एन्क्लोजरचा निवाडा! ज्या कागदानं कित्येक वाटा पुसल्या, त्याच कागदावर उरलेल्यांची नावं आणि फुटांमधली रुंदी लिहिलेली आहे.

आणि कागद नसेल तर माणसांच्या साक्षी. तुम्ही कधीपासून चालता? कोणी अडवलं का? फाटकाला कुलूप होतं का? मालकाची परवानगी घेतली होती का? शेवटच्या प्रश्नाला एखादे भिडस्त आजोबा 'हो, विचारून जायचो' म्हणाले, की त्यांचं चालणं हक्कानं चालण्यात मोजलं जात नाही.