पुण्याची लोकल उशिरा का आली?

मार्केट यार्डात गाडी म्हटलं की आपल्यासमोर ट्रक किंवा टेम्पो येतो. आज मी बोलणार आहे विजेच्या लोकलबद्दल, आणि सुरुवात जपानपासून करतो.

ओसाकाजवळ १९१० साली इचिझो कोबायाशी यांच्या खाजगी कंपनीनं विजेची गाडी सुरू केली. तीच पुढं हांक्यू झाली. मार्ग बराचसा शेतांमधून जाणारा. प्रवासी आणायचे कुठून? कोबायाशींनी रुळालगत जमिनी घेतल्या, घरं बांधली आणि ती नोकरदारांना हप्त्यांवर विकली. पुढं एका टोकाला ताकाराझुकाचं नाट्यगृह उभं राहिलं, तर दुसऱ्या टोकाला, स्टेशनलाच लागून, भलंमोठं दुकान. साधा नोकरदार गाडीत चढला नाही तर कंपनी बुडणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता आपली जी. आय. पी. रेल्वे बघा. तीही कंपनीच. पण १८४९च्या करारानं तिच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी सरकारनं दिली होती. कमाई कमी पडली तर भरपाई हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे शेतसारा भरणाऱ्याच्या खिशातून! अशा कंपनीला तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाची मर्जी कशाला राखावीशी वाटेल? १९०० साली मालकी सरकारकडं गेली, तरी कारभार कंपनीच पाहत राहिली. ३ फेब्रुवारी १९२५ला व्ही. टी. ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची लोकल धावली, ती या कंपनीच्या अखेरच्या महिन्यांत. त्याच वर्षी सरकारनं कारभारही हाती घेतला.

या लोकलचं वेगळेपण काय? तिला वेगळं इंजिन नसतं. मोटरी डब्यांच्याच खाली असतात आणि चालकाची जागा दोन्ही टोकांना. शेवटच्या स्टेशनवर इंजिन काढा, फिरवा, पुन्हा जोडा, ही खटपटच नाही. चालक या टोकाकडून त्या टोकाला गेला की गाडी परत निघाली. थोड्या थोड्या अंतरावर थांबणाऱ्या गाडीला हे फार सोयीचं.

विजेची तार पुण्याला १९२९मध्ये पोचली. पुढच्याच वर्षी, १ जून १९३०ला, डेक्कन क्वीन आली. ती इंजिनाची गाडी, आणि सुरुवातीला तिच्यात वर्ग दोनच: पहिला आणि दुसरा. तिसरा वर्ग तिला लागला तो १९५५ साली. स्वातंत्र्य मिळूनही आठ वर्षं झाली होती बरं का!

आणि पुणे-लोणावळा लोकल? ११ मार्च १९७८. तार डोक्यावर येऊन ४८-४९ वर्षं झाल्यावर. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४पासून होता, मागोमाग चिंचवड, भोसरी वाढत गेले. कोबायाशींना प्रवासी घडवावे लागले. इथं कामगार फलाटावर उभाच होता, पॅसेंजर गाड्यांवर भागवत. याला पैशाची टंचाई हे एकच कारण देतात, ते मला पुरेसं वाटत नाही. पुण्याची गाडी म्हणजे मुंबईला नेणारी गाडी, ही जुनी समजूत साहेब गेल्यावरही टिकून राहिली.

आजही मुंबईची लोकल कर्जत-खोपोलीपर्यंत येते आणि आपली लोणावळ्यापर्यंत. मधे बोरघाटाचा ३७ला १ असा चढ आहे. तेवढ्या टप्प्यात लोकल नाही.