‘लूजर’ ते ‘एफ’ : संगणकावरच्या गप्पांतील फजितीचा विनोद

संगणकावरच्या गप्पांनाही इतिहास असतो असे म्हटले, की आमच्या पिढीतली मंडळी भुवया उंचावतात. बखरी, मोडी कागद, ताम्रपट ही इतिहासाची साधने. पोरासोरांच्या टिवल्याबावल्यांत कसला आला आहे इतिहास? मला तसे वाटत नाही. माणसे आपल्या आणि दुसऱ्याच्या फजितीवर कोणत्या शब्दांत हसतात, यावरून त्या समाजात मान कोणाला आणि कोपरखळी कोणाला हे चटकन कळते. या गप्पांनी फजितीसाठी शब्दही उदंड घडवले आहेत.

लेखी साधनेही अगदीच नाहीत असे नाही. १९७५ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात राफेल फिंकेल याने संगणकवाल्यांच्या बोलीतल्या शब्दांची एक यादी करायला घेतली. ती हातोहात वाढत गेली आणि १९८३ साली गाय स्टील याने इतरांच्या साथीने तिचे पुस्तक केले. या संग्रहातली ‘लूजर’ची नोंद मला एखाद्या दरबारी भांडणाच्या हकिगतीइतकीच रंगतदार वाटते.

१९७५ च्याच सुमाराची गोष्ट. एमआयटी या संस्थेत एकच मोठा संगणक अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून वापरीत. कामाला बसून ठरावीक कळ दाबली, की आधीच किती जण काम करीत आहेत ते पडद्यावर उमटे : ‘चौदा यूजर्स’, असे काहीसे. कुणा चावटाने आतून फेरफार करून ‘यूजर्स’चे ‘लूजर्स’ केले. चौदा हरलेले! काहींना मौज वाटली, काहींना संताप आला. रोज कामाला बसताना यंत्राने तोंडावर ‘हरलेला’ म्हणावे, हे कोण ऐकून घेईल? मग गुपचूप लढाई जुंपली. एकाने शब्द बदलायचा, दुसऱ्याने त्याच्या पाठीमागे पूर्ववत करायचा. आज कोणता शब्द दिसेल याचा नेम नसे. अखेर कुणीतरी तोड काढली. ‘यूजर’च्या इंग्रजी स्पेलिंगाआधी नुसता एक ‘एल’ लावला. उच्चार हरलेल्याचा, अक्षरे वापरणाऱ्याची! ही तडजोड टिकली. पाट्यांवरच्या अक्षरांसाठी होणारी भांडणे आपल्या भागाला नवी नाहीत. फक्त आपल्याकडे डांबराचा डबा आधी निघतो आणि तडजोड निघतच नाही.

विनोदच फसला तर काय होते, तेही याच काळात दिसले. १९८२ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकी सूचनाफलकावर कुणीतरी गमतीने लिहिले, की लिफ्टमध्ये पारा सांडला आहे. काहींनी ते खरे धोक्याचे निवेदन समजून घेतले. समोर चेहरा नाही, आवाज नाही; थट्टा ओळखायची कशी? १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन याने सुचवले, की थट्टेपुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस अशी तीन चिन्हे टाकावीत. मान कलती करून पाहिली तर हसरा चेहरा दिसतो.

पुढे ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने ‘आयआरसी’ ही गप्पांची व्यवस्था तयार केली, आणि मूठभर लोकांची बोली चार देशांत पसरली. इथे हसण्याची दिशा बदलली असे मी मानतो. एमआयटीत एकमेकांना हिणवणारे सारे एकाच खोलीतले होते. आता जुने बसलेले आणि नवा आलेला असे दोन तट पडले. नवख्याला ‘न्यूब’ म्हणत. त्याने भाबडा प्रश्न विचारला, की उत्तराऐवजी खिल्ली मिळे. किती जण पहिल्याच दिवशी अपमान गिळून निघून गेले असतील, त्यांची नोंद कोणी ठेवलेली नाही. इतिहास राहिलेल्यांचाच लिहिला जातो.

आणि ‘फेल’? बहुतेक जाणकार त्याचे मूळ १९९८ सालच्या ‘ब्लेझिंग स्टार’ या जपानी खेळात शोधतात. खेळणारा हरला, की पडद्यावर इंग्रजी उमटे : ‘यू फेल इट! युअर स्किल इज नॉट इनफ!’, आणि वर ‘सी यू नेक्स्ट टाइम, बाय बाय!’ त्यातले ‘इट’ बिचारे कुठून आले, देव जाणे. हे वाक्य गप्पांत शिरले, झिजले आणि ‘फेल’ एवढाच उद्गार उरला. ‘फेल्युअर’ हे रीतसर नाम हाताशी असताना क्रियापदालाच नाम करून टाकले. म्हणजे साऱ्या जगाने फजितीचा शब्द घेतला तो एका परभाषकाच्या मोडक्या वाक्यातून. आपल्याला यात नवल वाटू नये. आपला ‘नापास’ तरी काय? ‘ना’ फारसी, ‘पास’ इंग्रजी. आणि शेजारच्या कानडीत तोच ‘नपासु’ होऊन बसला आहे.

मी पुण्यात शिकत होतो तेव्हा माझ्या बोलण्यातला कानडी हेल ऐकून खोलीतली मुले हसत. सुटीत घरी आलो, की त्याच हेलाची नक्कल करून मीच सगळ्यांना हसवी. शब्द तेच, पण पहिल्या हसण्यात मी नव्हतो. ‘फेल’च्या बाबतीतही तेच म्हणता येईल. हाच शब्द २००८ साली वर तोंड करून उभा राहिला. अमेरिकेतल्या आर्थिक संकटाबद्दल अर्थमंत्री हेन्री पॉल्सन आणि मध्यवर्ती बँकेचे प्रमुख बेन बर्नांके यांची सिनेटच्या समितीपुढे साक्ष चालू होती, तेव्हा मागे एका निदर्शकाने फलक धरला. त्यावर एकच शब्द होता : ‘फेल’.

आता त्याचीही धार बोथट झाली. २०१४ साली निघालेल्या ‘कॉल ऑफ ड्यूटी’ मालिकेतल्या एका खेळात सैनिकाच्या शवपेटीपुढे आदर वाहण्यासाठी ‘एफ’ची कळ दाबावी, अशी सूचना येते. शोकाला कळ! लोकांनी त्याची यथेच्छ टवाळी केली. पण हळूहळू गप्पांत कुणाची फजिती झाली, की बाकीचे ‘एफ’ लिहू लागले.

माझ्या नातवाच्या मित्रांच्या गटात मराठी, कानडी, उर्दू अशा तिन्ही घरांतली मुले आहेत. मध्यंतरी त्यांच्यातल्या एकाची हुबळीची गाडी चुकली आणि मुलाखत हुकली. पाहता पाहता खाली आठ-दहा ‘एफ’ जमले. “हे हसणे की सांत्वन?” मी विचारले. “दोन्ही, आजोबा,” तो म्हणाला. मी चष्मा लावून नीट पाहिले, तर त्यातला एक ‘एफ’ देवनागरीत होता आणि दोन कानडी लिपीत.